बर्फाच्या जत्रेमागचे कारागीर

आमचा धंदा कापडाचा. बर्फाशी आमची ओळख सरबताच्या गाडीपुरती. तरीही या खेपेला व्यापाराच्या पानावर आम्ही हिवाळी ऑलिम्पिकची गोष्ट घेऊन आलो आहोत. त्याला कारण आहे. टीव्हीवर एखादा खेळाडू उतारावरून घसरत खाली येतो, दीड-दोन मिनिटांत खेळ आटोपतो आणि त्याच्या गळ्यात पदक पडते. पण तो ज्या बर्फावरून घसरला तो बर्फ कुणी अंथरला? त्याच्या पायातल्या फळ्यांना मेण कुणी लावले? त्याच्या अंगातले जाकीट कुणी शिवले? पडद्यावर न दिसणारे हे हात कारागिरांचे, मजुरांचे आणि लहानमोठ्या व्यापाऱ्यांचे असतात. म्हणजे आपल्याच बिरादरीचे. त्यांची हकिकत ऐकली तर आपल्या धंद्याला उपयोगी पडेल अशा चार गोष्टी हाती लागतात.

वायदा म्हणजे वायदा

धंद्यात माल चांगला असून भागत नाही, तो वेळेवर पोचावा लागतो. आमच्या दुकानातून एकदा लग्नाचा माल दोन दिवस उशिरा गेला. रंगाईवाल्याकडून थान वेळेवर आले नाही, हे खरे होते. पण वरात थोडीच थांबणार? माल जसा गेला तसा परत आला आणि पुढच्या हंगामापर्यंत फडताळात पडून राहिला.

ऑलिम्पिकचेही तसेच. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराला २०१० चे हिवाळी ऑलिम्पिक २००३ साली बहाल झाले. तयारीला जवळजवळ सात वर्षे मिळाली. पण तारीख एकदा ठरली ती ठरली : १२ ते २८ फेब्रुवारी. ८२ देशांचे सुमारे २,६०० खेळाडू येणार, ८६ पदकांच्या स्पर्धा होणार आणि साऱ्या जगात त्या टीव्हीवर दिसणार. त्यात एक दिवस पुढे ढकलणे म्हणजे वरातीला थांबा म्हणण्यासारखे.

आणि नेमका त्याच साली घात झाला. जानेवारी २०१० हा व्हँकुव्हरच्या नोंदींतला सर्वांत उबदार जानेवारी ठरला. शहराजवळच्या सायप्रस डोंगरावर स्कीच्या काही स्पर्धा व्हायच्या होत्या. तिथे बर्फाऐवजी पाऊस पडू लागला. डोंगराच्या उतारावर माती आणि गवत दिसू लागले.

मग पडद्यामागची फौज कामाला लागली. डोंगर लोकांसाठी बंद केला. वरच्या भागातला उरलासुरला बर्फ यंत्रांनी ढकलत खाली आणला. सुमारे २५० किलोमीटरवरच्या मॅनिंग पार्कमधून ट्रक भरभरून बर्फ आणला. हेलिकॉप्टरनेही बर्फ वाहिला. उताराला आकार देण्यासाठी खाली पेंढ्याच्या गासड्या रचल्या आणि त्यांच्यावर बर्फाचा थर दिला. म्हणजे आत पेंढा, वर बर्फ, जशी आपल्याकडे आत काथ्या आणि वर कापड घालून गादी भरतात. प्रेक्षकांनी उभे राहायची जागा मात्र वाचवता आली नाही. खालचा बर्फ वितळून तिथे चालणे धोक्याचे झाले, म्हणून सुमारे २८ हजार तिकिटे रद्द करून पैसे परत द्यावे लागले. नुकसान सोसले, पण खेळाचा वायदा मोडला नाही.

या मेहनतीचे फळ पाहा. कॅनडाने याआधी १९७६ साली माँट्रियलला आणि १९८८ साली कॅल्गरीला ऑलिम्पिक भरवले होते. दोन्ही वेळा स्वतःच्या भूमीवर त्यांना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. १४ फेब्रुवारी २०१० रोजी अलेक्झांडर बिलोदो या तरुणाने पहिले घरचे सुवर्ण मिळवले, ते याच सायप्रस डोंगरावर. नाव त्याचे झाले, आणि ते योग्यच झाले. पण त्याच्या पायाखालची गादी भरणाऱ्यांचे नाव कोणत्या पेपरात आले नाही.

बर्फ जपण्याची विद्या

बर्फ कमी पडण्याचे संकट नवे नाही. १९२८ साली स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमध्ये ऊन पडून बर्फ वितळला आणि दहा हजार मीटरची स्केटिंगची शर्यत रद्द करावी लागली. १९६४ साली ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुकमध्ये बर्फच पडेना, तेव्हा लष्कराच्या जवानांनी बर्फाच्या सुमारे २० हजार लाद्या आणि ४० हजार घनमीटर बर्फ डोंगरावरून वाहून आणला. १९८० साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा यंत्राने केलेला बर्फ वापरला गेला. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तर स्कीचे उतार जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या बर्फाने झाकलेले होते.

यंत्राचा बर्फ म्हणजे काय? पाणी मोठ्या दाबाने बारीक तुषार करून थंड हवेत फेकायचे. खाली पडेपर्यंत तुषाराचा कण गोठतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : पाणी, वीज आणि गारवा. पैशाने पहिल्या दोन मिळतात, तिसरी मिळेलच असे नाही. हवेत दमटपणा आणि उष्मा असला की यंत्र असूनही उपयोग होत नाही. व्हँकुव्हरला हीच अडचण आली होती.

म्हणून २०१४ साली रशियातल्या सोचीच्या लोकांनी आधीच शहाणपणा केला. सोची हे समुद्रकाठचे शहर, हवा सौम्य. आयत्या वेळी बर्फ मिळेल या भरवशावर न राहता त्यांनी आदल्या हिवाळ्यातला लाखो घनमीटर बर्फ डोंगरावर ढीग करून ठेवला आणि उन्हाळाभर झाकून जपला. कशाने झाकला? आमच्या व्यवसायातली गोष्ट इथे येते. कापडाने! उष्णता अडवणाऱ्या जाड चादरी बर्फावर अंथरल्या. युरोपात अशा कामाला न विणता दाबून केलेले पांढरे कृत्रिम कापड वापरतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि जाडी उष्णता आत जाऊ देत नाही. स्वित्झर्लंडच्या दाव्होसला तर बर्फाच्या ढिगावर लाकडाचा भुसा पसरतात. आपल्याकडचा बर्फवाला लादीवर भुसा टाकून वर गोणपाट गुंडाळतो, तीच ही विद्या.

ही विद्या आपल्या किनाऱ्याला फार जुनी ओळखीची आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला जहाजातून बर्फ पाठवला. चार महिन्यांचा प्रवास आणि वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. निघताना सुमारे १८० टन होता, पोचताना सुमारे १०० टन उरला. जपला कशाने? भुशाने. पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ उतरू लागला आणि त्यासाठी बर्फघरे उभी राहिली. माल जपण्याची युक्ती ज्याला साधली, त्याला गोठवण्याचे यंत्र नसतानाही उष्ण देशात बर्फ विकता आला.

बर्फ घासणारा माणूस

डोंगरावरचा बर्फ भुसभुशीत. सभागृहातला बर्फ वेगळा, काचेसारखा कडक. फरशीखाली नळ्यांचे जाळे असते, त्यातून थंडगार खारे पाणी किंवा तसेच न गोठणारे द्रव्य फिरत राहते. वर पाण्याचा पातळसा थर फवारायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच पांढरा रंग आणि खेळाच्या रेषा मारायच्या आणि पुन्हा थर चढवायचे. घाईने एकदम पाणी ओतले तर बर्फात बुडबुडे राहतात, तडे जातात. लाकडाला पॉलिश करणारे आमचे बांधव हे पटकन समजतील. एक जाड हात देण्यापेक्षा दहा पातळ हात बरे.

त्यातही प्रत्येक खेळाची मागणी निराळी. नृत्यासारख्या फिगर स्केटिंगला बर्फ थोडा मऊ लागतो, साधारण उणे ३-४ अंशांचा, म्हणजे उडी मारून उतरताना पाते बर्फात धरते. आइस हॉकीला त्याहून कडक आणि थंड हवा. व्हँकुव्हरला पॅसिफिक कॉलिसियम या एकाच सभागृहात फिगर स्केटिंग आणि छोट्या चक्राची धावशर्यत दोन्ही होत. शर्यतीला पुन्हा कडक बर्फ. म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात कारागिरांनी बर्फाचा पोत बदलून द्यायचा. एकाच मागावर आज मलमल आणि उद्या खादी काढा म्हटल्यासारखे.

खेळून ओरखडलेला बर्फ गुळगुळीत करण्याचे यंत्र १९४९ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी बनवले. त्यांची कथा व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. त्यांचा मूळ धंदा बर्फाच्या लाद्या करून विकण्याचा. घरोघरी फ्रिज येऊ लागले आणि लाद्यांचा खप बसू लागला. नशिबाला दोष देत न बसता त्यांनी तेच ज्ञान दुसरीकडे वळवले. १९४० साली स्केटिंगचे मैदान काढले. तिथे बर्फ साफ करायला तीन-चार माणसांना तासाहून अधिक वेळ लागे. तो खर्च वाचवायला त्यांनी यंत्र जोडले. एकच यंत्र बर्फ खरवडते, किस उचलते, धुते आणि वर गरम पाण्याचा पातळ थर देते. गरम पाणी का? ते वरचा थर किंचित वितळवून त्यात एकजीव होते आणि त्यात विरलेली हवा कमी असल्याने बर्फ नितळ होतो.

व्हँकुव्हरला मात्र याच कामाने फजिती केली. पुरुषांच्या ५०० मीटर स्केटिंगच्या दिवशी विजेवर चालणारी बर्फ-यंत्रे बिघडली. शर्यत तासाहून अधिक लांबली. शेवटी सुमारे हजार किलोमीटरवरच्या कॅल्गरीहून जुन्या पद्धतीचे यंत्र ट्रकवर घालून आणावे लागले. नवे यंत्र जरूर घ्यावे, पण ऐन हंगामात जुने भंगारात काढू नये, हे कारखानदारांना वेगळे सांगायला नको.

या बर्फवाल्यांचा एक मजेदार किस्साही आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकसाठी हॉकीचा बर्फ करायला कॅनडाचे ट्रेंट इव्हान्स हे कारागीर गेले होते. त्यांनी मैदानाच्या अगदी मध्यावर, बर्फाच्या आत, आपल्या देशाचे एक डॉलरचे नाणे गुपचूप गोठवून ठेवले. त्या साली कॅनडाच्या स्त्रियांनी आणि पुरुषांनी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. पुरुषांना तर ते ५० वर्षांनी मिळाले. ते नाणे आज टोरोंटोच्या हॉकी संग्रहालयात मानाने ठेवले आहे. नाण्याने सामना जिंकून दिला असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या कामात आपली एक खूण सोडावी, ही कारागिराची जुनी हौस आहे. विणकर काठात सोडतो, त्याने बर्फात सोडली.

चार बोटांची चूक, माणसाचा जीव

आता एक दुःखाची गोष्ट. व्हँकुव्हरजवळच्या व्हिसलर गावात घसरगाडीसाठी सुमारे १,४५० मीटर लांबीची, १६ वळणांची काँक्रीटची नाळ बांधली होती. तिच्यावर कारागीर हाताने पाणी फवारून बर्फाचा थर चढवतात आणि खरवडून वळणाला आकार देतात. खेळाडू तिथे ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने येतात. १२ फेब्रुवारी २०१० रोजी, उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा २१ वर्षांचा नोदार कुमारिताश्विली सरावात शेवटच्या वळणावर नाळेबाहेर फेकला गेला, लोखंडी खांबावर आदळला आणि मरण पावला.

चौकशीत खेळाडूची चूक झाल्याचे म्हटले गेले. पण नाळ फार वेगवान आहे अशी कुरकुर आधीपासून होती, आणि रातोरात जे केले गेले ते बोलके होते. शेवटच्या वळणाजवळची भिंत उंच केली, तिथल्या बर्फाचा आकार बदलला, खांबांना गाद्या बांधल्या आणि पुरुषांची सुरुवात खालच्या जागेवरून ठेवली. ही सारी कामे एका रात्रीत होण्यासारखी होती, तर ती आदल्या रात्रीही होण्यासारखी होती. ज्यांच्या कारखान्यात यंत्राचे पट्टे उघडे आहेत, विजेच्या तारा लोंबत आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

इस्त्री आणि मेण

लांब पल्ल्याच्या स्की-शर्यतीत खेळाडूइतकीच धडपड मेणवाल्यांची असते. पहाटे अंधारात ते बर्फाची उष्णता, ओलावा, जुना-नवा पोत पाहतात. मग स्कीच्या तळाला मेण लावून गरम इस्त्री फिरवतात, थंड झाल्यावर खरवडतात आणि ब्रशने घासतात. बर्फ बदलला की मेण बदलायचे. एकेका खेळाडूसाठी कित्येक जोड तपासून एक निवडायचा. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या दोघी महिलांनी स्वीडनला ०.१९ सेकंदाने मागे टाकून देशाचे या खेळातले पहिले सुवर्ण मिळवले. एवढ्याशा फरकात मेणवाल्याचा वाटा किती, हे कुणी मोजू शकत नाही. पण तो असतो हे खेळाडू जाणतात.

या कसबाची किंमत मात्र त्यांनी शरीराने मोजली. स्की अधिक घसरावी म्हणून मेणात फ्लोरीनयुक्त रसायने घालत. गरम इस्त्रीखाली त्यांचा धूर निघे. स्वीडन आणि नॉर्वेच्या मेण-कारागिरांचे रक्त तपासले तेव्हा त्यात ही रसायने सामान्य माणसापेक्षा पुष्कळ जास्त आढळली. २०२३-२४ च्या हंगामापासून जागतिक स्की महासंघाच्या स्पर्धांत असे मेण बंद झाले. पिंजारी, रंगाई आणि यंत्रमागाच्या कामातले आमचे बांधव रोज तंतू आणि वाफा छातीत घेतात. नाकाला फडके बांधणे आणि खिडकी उघडी ठेवणे एवढे तर आपल्या हाती आहे. त्यासाठी कुठल्या महासंघाच्या हुकमाची वाट पाहायला नको.

माल कुणाचा, नक्षी कुणाची?

आता आमच्या पेशाकडे येऊ. व्हँकुव्हरच्या वेळी बाजारात लाल हातमोजे आले. किंमत १० डॉलर, नफ्यातला भाग खेळाडूंच्या मदतनिधीला. बघता बघता ३० लाखांहून अधिक जोड्या खपल्या. वस्तू साधी, किंमत सर्वांना परवडणारी आणि मागे एक चांगले कारण. हे मोजे विणले मात्र गेले चीनमध्ये.

याच वेळी एक वाद उठला. व्हँकुव्हर बेटावर कोविचन नावाची आदिवासी जमात आहे. त्यांच्या बायका जाड, न रंगवलेल्या लोकरीचे स्वेटर हाताने विणतात. त्यांची नक्षी प्रसिद्ध आहे. ऑलिम्पिकच्या कपड्यांचा ठेका ज्या कंपनीकडे होता तिने तसाच दिसणारा स्वेटर बाजारात आणला. कोविचन लोकांनीही काम मागितले होते, पण एवढा माल हाताने वेळेवर होणार नाही असे सांगून त्यांना नकार मिळाला. त्यांनी आवाज उठवला, ऑलिम्पिक ज्योतीच्या मार्गावर निदर्शने करण्याचा इशारा दिला. शेवटी ऑक्टोबर २००९ मध्ये समझोता झाला आणि त्यांचे अस्सल स्वेटर कंपनीच्या शहरातल्या मोठ्या दुकानात विकायला ठेवले गेले.

हिमरू आणि पैठणीचे विणकर, सोलापूरच्या चादरीचे कारखानदार यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. हाताचा माल महिन्यात एक निघतो आणि नक्कल दिवसाला शंभर. पण कोविचन बायकांनी दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्या मिळून बोलल्या. दोन, वेळ गेल्यावर नव्हे, तर जगाचे डोळे शहराकडे लागले होते तेव्हा बोलल्या. आपल्याकडे नक्षीच्या हक्काची नोंद करण्याची सोय आता आहे. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी ती करून घ्यावी.

कपड्याचीच आणखी एक गोष्ट. त्या ऑलिम्पिकला भारताचे तीन खेळाडू गेले होते. त्यांच्याकडे धड मापाचे, एकसारखे कपडे नव्हते. तेव्हा तिथे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांच्या पोशाखाची सोय केली. जगाला कापड पुरवणाऱ्या देशाचे खेळाडू कपड्यासाठी परक्या गावात वर्गणीवर अवलंबून राहावेत, याची आम्हा कापडवाल्यांना खंत वाटते.

मजुरीचा हिशेब

सोचीचा बर्फ जपण्याची तारीफ आम्ही वर केली. पण तिथला दुसरा हिशेब लपवणे बरोबर होणार नाही. तिथली स्टेडियमे, हॉटेले आणि रस्ते बांधायला उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किरगिझस्तान अशा देशांतून मजूर आले होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१३ साली अहवाल काढून दाखवले की अनेकांची मजुरी थकवली गेली, काहींचे पासपोर्ट अडकवून ठेवले गेले आणि तक्रार करणाऱ्यांना देशाबाहेर घालवले गेले. मजुरी थकल्याचे पुढे सरकारी तपासणीतही निघाले. उद्घाटनाच्या आतषबाजीत हे कुणाला दिसले नाही. पण उझबेकिस्तानातल्या एखाद्या घरात मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्यांना ते दिसत होते. मालाची उधारी धंद्यात चालते. मजुराच्या घामाची उधारी चालू नये.

गुलमर्गपर्यंत

शेवटी आपल्या देशात येऊ. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताकडून एकच खेळाडू गेला होता, काश्मीरचा आरिफ मोहम्मद खान. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान. तिथेच त्याने लहानपणी स्की पायात बांधली. दुकानदाराचा मुलगा जगाच्या मैदानात उतरला, ही आम्हाला आनंदाची गोष्ट.

पण त्या गुलमर्गलाही आता बर्फाची चिंता आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. स्पर्धा पुढे ढकलता येते. पण घोडेवाला, वाटाड्या, स्की भाड्याने देणारा, फिरन आणि शाल विकणारा यांचा बुडालेला हंगाम पुढे ढकलता येत नाही. आपल्या शहरांत हिवाळ्यात शालीचे गाठोडे घेऊन येणारा काश्मिरी भाऊ याच हंगामावर जगतो.

सांगायचे तात्पर्य इतकेच. पुढच्या वेळी टीव्हीवर बर्फावरचा खेळ लागला तर पदकाबरोबर बर्फाकडेही पाहावे. तो आपोआप पडलेला असेलच असे नाही. कुणीतरी तो रात्रभर जागून अंथरलेला असतो. त्या माणसाची मजुरी मिळाली असेल ना, एवढा प्रश्न मनात आला तरी पुष्कळ झाले. आणि मग टीव्ही बंद करून आपल्या कारखान्यातल्या कारागिराचा हिशेब काढून पाहावा.